पत्रा की फायबर? कॅराव्हॅन-ट्रेलरच्या भिंतींबद्दल वाचकांचे प्रश्न

गाडीमागे ओढायच्या कॅराव्हॅन-ट्रेलरबद्दल ठाणे आणि नवी मुंबईतून आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीवर आहे: बाहेरची भिंत ॲल्युमिनियमच्या पत्र्याची करायची की फायबरची. पहिलं उत्तर लांबलं आहे, कारण पुढच्या बऱ्याच उत्तरांचा पाया त्यातच आहे.

प्रश्न : १४ फूट लांब, साडेसहा फूट रुंद आणि तेवढाच उंच ट्रेलर बनवून घ्यायचा आहे. वागळे इस्टेटमधला फॅब्रिकेटर म्हणतो ॲल्युमिनियम लावा. रबाळ्याचा म्हणतो फायबरच करा, पत्रा चेपतो. ट्रेलर वर्षातले दहा महिने सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये उभा राहणार आहे. कोणाचं ऐकावं?
— एक वाचक, कासारवडवली, ठाणे

उत्तर : ट्रेलर बाद करतं ते सांध्यातून आत शिरलेलं पाणी. चेपलेला पत्रा डोळ्यांना खुपतो, पण त्याने घर कुजत नाही. आपल्याकडे जून ते सप्टेंबर दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो आणि घोडबंदरच्या बाजूला खाडीवरून येणारी झड तो थेट भिंतीवर आणते. तुमचा ट्रेलर तर चारही महिने उघड्यावर. तेव्हा दोन्ही फॅब्रिकेटरना एकच विचारा: पाणी आत गेलंच तर मला किती दिवसांत कळेल, आणि बाकीची भिंत न मोडता ती जागा उघडता येईल का?

पत्र्याची भिंत या परीक्षेत चांगली उतरते. आत चौकट, तिच्यावर बाहेरून रिव्हेट मारलेला पत्रा, मधे इन्सुलेशन आणि आतून प्लाय. गळलं तर आतल्या प्लायवर डाग लवकर उमटतो. रिव्हेटची डोकी ड्रिलने उडवून एकच तुकडा काढता येतो, चौकट सुकवता येते आणि तोच किंवा नवा तुकडा परत बसतो. एसटीच्या जुन्या लाल गाड्यांच्या बाजू अशाच होत्या; जिथे घासलं तेवढाच पत्रा बदलायचा. हे काम येणारे कारागीर बस-टेम्पोच्या बॉडी बांधणाऱ्यांकडे आजही मिळतात.

फायबर म्हणताना मात्र रबाळ्याच्या माणसाला नेमकं काय म्हणायचं आहे ते विचारून घ्या, कारण या एका शब्दाखाली तीन वेगळ्या भिंती विकल्या जातात. पहिली सँडविचची: बाहेर दीड-दोन मिलिमीटरची एफआरपी (काचेचे धागे आणि रेझिन यांची) शीट, तिच्यामागे ३ मिलिमीटरचा प्लाय, मग फोम, मग आतला प्लाय, आणि सगळं गोंद लावून दाबून एकजीव केलेलं. अमेरिकेतल्या गुळगुळीत बाजूंच्या बहुतेक ट्रेलरची भिंत या घराण्यातली. दिसायला देखणी, कडक, आवाज कमी. पण खिडकीच्या कडेतून पाणी शिरलं की ते प्लायमध्ये मुरतं, बाहेरचं फायबर ते झाकून ठेवतं आणि थर सुटून फुगवटा दिसतो तेव्हा आतलं लाकूड गेलेलं असतं. दुसरी भिंत म्हणजे मोल्डमध्ये थर देऊन काढलेलं अख्खं कवच, वरचा अर्धा आणि खालचा अर्धा, मधे एकच सांधा. कॅनडात विनिपेगमध्ये १९६८ पासून बनलेले बोलर हे अंड्याच्या आकाराचे छोटे ट्रेलर या जातीचे, आणि त्यातले कित्येक आजही रस्त्यावर आहेत. तिसरी म्हणजे सपाट एफआरपी शीट पत्र्यासारखीच चौकटीवर रिव्हेट केलेली.

आमचं मत असं. कोणाकडे तुमच्या मापाचा मोल्ड तयार असेल तर दुसरा प्रकार सगळ्यांत चांगला, पत्र्यापेक्षाही. एका ट्रेलरसाठी नवा मोल्ड करणं मात्र परवडत नाही. मोल्डलाच ट्रेलरइतकं मटेरियल आणि त्याहून जास्त मजुरी लागते. प्लाय घातलेलं सँडविच उघड्या पार्किंगसाठी घेऊ नका. तिसऱ्या प्रकारात हादऱ्याने रिव्हेटच्या भोकापासून चिरा निघतात, त्यामुळे तोही नको.

वजनाचा मुद्दा दोघंही काढतील, म्हणून हिशेब देतो. तुमच्या मापाच्या चार भिंतींचं क्षेत्रफळ साधारण २६६ चौरस फूट, म्हणजे २५ चौरस मीटरला थोडं कमी. २० गेजचा, म्हणजे ०.९ मिलिमीटरचा ॲल्युमिनियम पत्रा चौरस मीटरला सुमारे अडीच किलो भरतो. एकूण ६० किलोच्या आसपास. दीड मिलिमीटर एफआरपी आणि ३ मिलिमीटर प्लाय मिळून चौरस मीटरला सव्वाचार किलो. एकूण १०५ किलो. इथे पत्रा हलका दिसतो, पण पातळ पत्र्याला दर १६ इंचांवर उभा सेक्शन, म्हणजे चौकटीची दांडी लागते, तर सँडविच स्वतःच ताठ असल्यामुळे त्याची चौकट विरळ चालते. अंतिम फरक इतका कमी होतो की त्यावरून निवड करण्यात अर्थ नाही.

आता आम्ही काय करू ते. भिंती पत्र्याच्या, टप अख्खा एका तुकड्यातला फायबरचा. आपल्याकडे कित्येक बस अशाच बांधतात: बाजूला पत्रा, पुढचा-मागचा वळणदार भाग फायबरचा. टपावर पाणी सर्वांत जास्त वेळ थांबतं, म्हणून तिथे सांधाच नको. टपाचा मोल्ड सपाट असल्यामुळे तो प्लाय आणि लॅमिनेट वापरून स्वस्तात होतो. मध्यभागी दीड इंच उंचवटा द्या आणि चारी कडा चार इंच खाली वळवून घ्या, म्हणजे टप बरणीच्या झाकणासारखा भिंतीवर बसेल आणि पागोळी भिंतीपासून दूर पडेल.

पत्र्यासाठी ऑर्डरवर '५०५२, एच३२, २० गेज' असं लिहून घ्या; ५०५२ हा मिश्रधातू, एच३२ हा त्याचा कडकपणा. नुसतं 'ॲल्युमिनियम पत्रा' लिहिलं तर भंगार वितळवून केलेला, मिश्रधातूचा पत्ता नसलेला पत्रा येऊ शकतो. ८ बाय ४ फुटांचे सव्वाआठच्या थोडे वर पत्रे क्षेत्रफळाच्या हिशेबाने लागतात, पण उभे लावताना होणारी काटछाट धरून ११ घ्या. खिडक्या-दाराचे कापलेले तुकडे सहसा कामाला येत नाहीत. पुढच्या भिंतीच्या खालच्या दोन फुटांना तुमच्याच गाडीच्या चाकांनी उडवलेले खडे लागतात, तिथे १८ गेजचा, म्हणजे जास्त जाड, वेगळा तुकडा लावा.

अख्ख्या १४ फुटांचा एकच पत्रा लावण्याचा मोह होईल, सांधे कमी म्हणून. तो टाळा. मे महिन्यात गडद रंगाचा पत्रा उन्हात ६५ अंशांपर्यंत तापतो आणि जानेवारीच्या पहाटे २० अंशांवर येतो असं धरलं, तर १४ फुटांत तो साडेचार मिलिमीटरच्या जवळपास कमी-जास्त होतो. आतली लोखंडी चौकट त्याच्या निम्मीही हलत नाही. हा ताण रिव्हेटवर येतो. भोकं लांबट होतात, पत्रा लाटा घेतो आणि चालत्या गाडीत डब्यासारखा वाजतो. चार फुटांच्या रुंदीत उभे पत्रे लावा, सांध्यावर ॲल्युमिनियमची पट्टी द्या, आणि रंग पांढरा किंवा फिका ठेवा. प्रत्येक पत्र्याच्या मधल्या सेक्शनवर रिव्हेट घट्ट बसवा आणि कडेची भोकं एक मिलिमीटर मोठी ठेवून रुंद डोक्याचे रिव्हेट वापरा. आडवे पत्रे लावायचे झाले तर कौलं चढवतात तसं खालून वर, वरचा पत्रा खालच्यावर किमान एक इंच.

रिव्हेट ४.८ मिलिमीटरचे, मागून बंद असलेले घ्या. उघड्या रिव्हेटच्या मधल्या छिद्रातून पाणी आत जातं आणि रिव्हेटच्या आत राहिलेली खिळी लोखंडाची असेल तर वर्षभरात गंजाचे ओघळ येतात. वरच्या-खालच्या कडेला तीन इंचांवर, मधल्या सेक्शनवर सहा इंचांवर असं धरलं तर ८०० च्या आसपास लागतील. सगळ्या सांध्यांच्या, खिडक्यांच्या आणि दाराच्या चौकटीखाली २० मिलिमीटर रुंद ब्युटाइल टेप. तुमच्या मापाला ३५ मीटर पुरते. तिच्यावर बाहेरून पॉलियुरेथेन सीलंट, ६०० मिलीची तीन पाकिटं. व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन पत्र्याला लावू देऊ नका. सुकताना त्यातून निघणारं ॲसिड ॲल्युमिनियमला खातं, आणि त्याचा थर राहिला की त्यावर पुढे ना रंग धरतो ना दुसरं सीलंट.

एक गोष्ट या सगळ्याच्या आधी. ट्रेलरची आरटीओत स्वतंत्र नोंदणी लागते. पत्रा की फायबर हे ठरवण्याआधी बनवणाऱ्याकडे मान्यतेचे कागद आहेत का ते पाहा आणि ठाणे आरटीओत विचारा. राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं, म्हणून घरी बांधलेला ट्रेलर आपोआप रस्त्यावर चालतो असा समज काही फॅब्रिकेटर पसरवतात. तो चुकीचा आहे.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी घेतलेल्या ॲल्युमिनियमच्या ट्रेलरवर स्क्रूंच्या भोवती पांढरी पावडर येते आणि रंग फुगतो. खाडी जवळ आहे. पत्रा सडतोय का? फायबर घ्यायला हवं होतं का?
— एक वाचक, सीवूड्स, नवी मुंबई

उत्तर : पत्रा अजून वाचवता येईल, मात्र पुढचा पावसाळा येण्याआधी हात घाला. ॲल्युमिनियमवर स्वतःच्या ऑक्साइडचा पातळ, घट्ट थर असतो आणि तोच त्याचं रक्षण करतो. खाऱ्या हवेतलं क्लोराइड तो थर जागोजागी फोडतं. त्यातच स्टेनलेस किंवा लोखंडाचा स्क्रू पत्र्याला उघडा टेकलेला असेल आणि मधे खारट ओल असेल, तर दोन धातूंची बॅटरी तयार होते आणि झिजतो तो ॲल्युमिनियम. तुम्हाला दिसते ती पावडर म्हणजे ही झीज. तपकिरी ओघळही दिसत असतील तर स्क्रू साध्या लोखंडाचे आहेत. ते सगळेच बदला.

एका वेळी एकच स्क्रू काढा. भोकाभोवती इंचभर नायलॉनच्या हिरव्या घासणीने घासून पांढरा भाग काढा. तारेचा ब्रश किंवा स्टील वूल वापरू नका, त्याचे लोखंडी कण पत्र्यात रुततात आणि तिथेच नवा गंज सुरू होतो. गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण सुकू द्या, उघड्या धातूवर इपॉक्सी प्रायमरचे दोन हात द्या. भोकात पॉलियुरेथेन सीलंटचा थेंब घालून एक माप मोठा, ३१६ ग्रेडचा स्टेनलेस स्क्रू ईपीडीएम रबराच्या वॉशरसह बसवा. बाजारात मागितल्याशिवाय ३०४ ग्रेडच हातात पडतो. घरात तो चालतो, खाडीकाठी ३१६ टिकतो. वॉशर दाबला जाऊन फुलला की थांबा. त्याहून आवळला तर तो फाटतो.

रंग फुगलेला भाग स्क्रूपासून दूर, पत्र्याच्या कापलेल्या कडेला असेल तर तिथे रंगाखाली धाग्यासारख्या रेषा धावलेल्या दिसतील. ती कड प्रायमर न लावता बसवलेली होती. एखादा पत्रा काढावाच लागला तर मागे लोखंडी चौकटीला तो थेट टेकलाय का बघा. टेकला असेल तर चौकट घासून इपॉक्सी प्रायमर आणि वर ईपीडीएमची चिकट पट्टी, मगच पत्रा. चॅसिसचं ग्राइंडिंग ट्रेलरजवळ करू देऊ नका. उडालेला लोखंडाचा कीस पत्र्यावर बसून ठिपक्याठिपक्यांनी गंजतो.

फायबरला ही बाधा होत नाही हे खरं आहे, म्हणून तर कोकणातल्या होड्या फायबरच्या झाल्या. पण फायबरच्या ट्रेलरलाही स्क्रू, बिजागऱ्या आणि आतली चौकट धातूचीच असते. अलिबाग-काशीदला किनाऱ्यावर ट्रेलर नेलात तर परतल्यावर त्याच दिवशी नळाने धुवा, खालून चॅसिससुद्धा.

प्रश्न : वापरलेला, फायबरच्या गुळगुळीत बाजूंचा ट्रेलर मिळतोय. किंमत बरी आहे. उजव्या बाजूला खिडकीखाली थोडा फुगवटा आहे. विकणारा म्हणतो उन्हाने झालंय, दाबून चिकटवता येतं. घ्यावा का?
— एक वाचक, खारघर

उत्तर : ऊन फुगवटा वाढवतं. सुरुवात मात्र जवळजवळ नेहमी पाण्याने होते, आणि तुमचा फुगवटा खिडकीच्या खाली आहे ही खूण बोलकी आहे. पाणी खिडकीच्या वरच्या कडेतून किंवा बाजूच्या दिव्याच्या स्क्रूतून शिरतं, प्लायमधून खाली उतरतं आणि जिथे साचतं तिथे गोंद सोडवतं. मग दुपारी त्या ओलीची वाफ होते आणि फायबरला बाहेर ढकलते.

बघायला संध्याकाळी जा आणि सोबत टॉर्च न्या. टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून लांबीच्या दिशेने प्रकाश टाका. दिवसा सपाट दिसणाऱ्या भिंतीवरच्या लाटा सावल्यांनी उघड्या पडतात. मग स्क्रूड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने चार बोटांच्या अंतराने ठोकत जा. चिकटलेली भिंत टणक, आखूड आवाज देते. सुटलेली भिंत बद्द, पोकळ वाजते. पोकळ भागाची सीमा खडूने आखा. विकणाऱ्याने दाखवलेल्या फुगवट्यापेक्षा ही रेषा बरीच मोठी निघते. आतून त्याच जागी प्लाय अंगठ्याने दाबा, कपाटाच्या तळाशी वास घ्या, भिंतीला लागून असलेल्या जमिनीवर टाच दाबून पाहा. जमीन दबली तर सौदा सोडा, कारण चौकटीचा खालचा सेक्शन आणि फरशीचा प्लाय दोन्ही गेलेले असतात.

गळती कुठून ते शोधायला पाऊस नसेल तर नळी लावा. खालून सुरू करून एकेका सांध्यावर दहा मिनिटं पाणी सोडा, मगच वर सरका; वरून सुरू केलं तर कुठल्या सांध्याने पाणी आत आलं ते कळत नाही. दुसरी, अधिक नेमकी पद्धत: खिडक्या-दारं बंद करून एका फटीतून ब्लोअरने आत हवा भरा आणि बाहेरून सांध्यांवर साबणाचं पाणी लावा. जिथे बुडबुडे तिथे भोक.

चिकटवण्याचं म्हणाल तर पोकळ भाग फूटभरापेक्षा लहान असेल आणि आतला प्लाय अजून कडक असेल तरच ते टिकतं. आधी गळती बंद करा. आतला प्लाय त्या जागी कापून दोन आठवडे पंख्याखाली सुकवा. बाहेरून तीन-चार इंचांवर ३ मिलिमीटरची भोकं पाडून सिरिंजने हळू सुकणारं पातळ इपॉक्सी भरा. वर पॉलिथिन, त्यावर १८ मिलिमीटरचा सपाट प्लाय ठेवून टेकूंनी २४ तास दाबून ठेवा. टेकू फार जोरात लावले तर सगळं इपॉक्सी बाहेर निघून येतं आणि चिकटायला काही उरत नाही. ओल राहिलेली असताना इपॉक्सी भरलं तर पुढच्याच उन्हाळ्यात तो भाग परत फुगतो. कुजलेल्या लाकडाला तर कुठलाच गोंद धरत नाही. तिथे ती बाजूच नव्याने करावी लागते.

म्हणून किंमत ठरवताना अख्खी उजवी बाजू बदलायची आहे असं धरा. तरी सौदा परवडत असेल तर घ्या. बाजू बदलताना तिथे पुन्हा सँडविच न करता चौकट आणि पत्रा लावला तर पुढची दुरुस्ती सोपी जाते. फुगलेल्या भिंतीवरच वरून नवी शीट लावून देतो असं कोणी म्हणालं तर ठाम नकार द्या. ओल आत कोंडली की कुज थांबत नाही, फक्त दिसेनाशी होते.

प्रश्न : दुकानांचे बोर्ड बनवणारा एकजण एसीपी शीटच्या भिंती करून देतो म्हणतो. तेही ॲल्युमिनियमच ना?
— एक वाचक, कळवा

उत्तर : बोर्डासाठी उत्तम, ट्रेलरच्या बाहेरच्या भिंतीसाठी नको. बाजारातल्या ३ मिलिमीटरच्या एसीपीत ॲल्युमिनियम फक्त दोन बाजूंना पाव-पाव मिलिमीटर असतं, मधे पॉलिथिन. वजन २० गेजच्या पत्र्यापेक्षा दीडपट. कोपरा वळवताना मागून खाच पाडतात, तेव्हा वळणावर ते पाव मिलिमीटरच उरतं. इमारतीवर ते स्थिर राहतं, पण कसारा घाटात दोन-चारदा हादरे खाल्ले की तिथे चीर जाते. रिव्हेटचं डोकं मऊ पॉलिथिनमध्ये दबत जातं आणि सांधा सैल होतो. आणि साध्या एसीपीतलं पॉलिथिन आग लागली तर जळतं. ज्या घरात तीन फुटांवर गॅसची शेगडी आहे तिथे हे एकच कारण पुरेसं आहे. आतल्या कपाटांची दारं करा हवं तर, शेगडीपासून लांबची.

प्रश्न : पत्र्याच्या ट्रेलरमध्ये काचलोकर भरलं आहे. एसी लावल्यापासून आतल्या प्लायवर बुरशी येते. टप आणि खिडक्या गळत नाहीत, तीनदा तपासलं. फायबरच्या भिंतीत हे झालं नसतं असं सगळे म्हणतात.
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : तुमच्या भिंतीत पाणी हवेतून येतंय. जुलैत बाहेर ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असते तेव्हा ती हवा २७ अंशांच्या खाली गार झाली की पाणी सोडते. तुम्ही आत २४ वर एसी लावता, आतला प्लाय त्याहून थोडाच गरम. बाहेरची दमट हवा रिव्हेटच्या आणि सांध्यांच्या फटींतून भिंतीत शिरते, काचलोकरीतून सहज आरपार जाते आणि गार प्लायच्या मागच्या अंगावर दवासारखी जमते. लोकर ओली झाली की इन्सुलेशनही गेलं. थंड देशांत हा प्रवास आतून बाहेर होतो, म्हणून तिथल्या ट्रेलरमध्ये प्लास्टिकचा अडसर आतल्या बाजूला लावतात. तेच इथे केलं तर पाणी नेमकं प्लास्टिकवर अडून लोकरीत साचतं.

काचलोकर काढा. चौकटीच्या जाडीइतका, सहसा २५ मिलिमीटरचा एक्सपीएस बोर्ड (थर्माकोलच्याच जातीचा, पण दाट फोम) प्रत्येक खणात घट्ट बसेल असा कापा आणि पत्र्याच्या आतल्या अंगाला फोमसाठीच्या गोंदाने पूर्ण चिकटवा. कडांच्या फटी पीयू (पॉलियुरेथेन) फोमच्या स्प्रेने भरा. सनमायका चिकटवायचा रबराचा गोंद लावलात तर त्यातलं सोल्व्हंट बोर्ड विरघळवतं, म्हणून आधी एका तुकड्यावर करून बघा. धातूच्या सेक्शनवरून गारवा थेट पत्र्यापर्यंत जातो, तिथे प्लायच्या आधी ५ मिलिमीटरची नायट्राइल फोमची पट्टी लावा. एसी २६-२७ वर ठेवला तरी फरक पडतो.

फायबर उष्णता ॲल्युमिनियमच्या मानाने फारच कमी वाहून नेतं, हे बरोबर. पण दीड मिलिमीटरच्या जाडीत त्याचा इन्सुलेशनला उपयोग नगण्य. ते काम फोमच करतो, बाहेर काहीही असो.

प्रश्न : धुवायला आणि चमक टिकवायला काय वापरावं? फायबरचा पांढरेपणा जातोय, हाताला पावडर लागते.
— एक वाचक, वाशी

उत्तर : उन्हाने जेलकोटचा, म्हणजे फायबरवरच्या रंगीत, चमकदार लेपाचा वरचा थर सुटतोय. १००० नंबरच्या पाण्याच्या पॉलिश पेपरने हलकं घासा, मग रबिंग कंपाउंड, मग मेण. त्यानंतर वर्षातून दोनदा, पावसाआधी आणि दिवाळीत, नुसतं मेण. पत्र्याला सौम्य शाम्पू आणि पाणी पुरतं. धुण्याचा सोडा आणि फरशीचं ॲसिड दोन्ही ॲल्युमिनियमला खातात. शेजारी बांधकाम चालू असेल तर सिमेंटची धूळ ओली होण्याआधी धुऊन टाका. भिजलेलं सिमेंट अल्कली असतं आणि पत्र्यावर कायमचे डाग पाडतं.

प्रश्न : टपाचा मोल्ड तयार आहे. तळोज्यातला फायबरवाला म्हणतो जुलैतच काढून देतो, तेव्हा काम कमी असतं म्हणून स्वस्त पडेल. काढून घ्यावा का? आणि मटेरियल मीच आणून दिलं तर किती लागेल?
— एक वाचक, तळोजा

उत्तर : जुलैत नको. काचेची मॅट हवेतली ओल धरते आणि ओल्या मॅटमध्ये रेझिन नीट मुरत नाही. पांढुरके धागे दिसत राहतात आणि तिथून थर सुटतो. दमट हवेत जेलकोट वरून चिकट राहतो. ते लपवायला कारागीर हार्डनर वाढवतो, मग टप तडकतो किंवा वाकडा होतो. बंद शेड आणि डिह्युमिडिफायर असलेला कारखाना असेल तर गोष्ट वेगळी. नसेल तर दसऱ्यानंतर काढा. ऑक्टोबरचं ऊन या कामाला उत्तम.

१४ बाय साडेसहा फुटांचा टप, वळवलेल्या कडांसह, १० चौरस मीटरच्या जवळ भरतो. जेलकोट ६ किलो. मॅटचा पहिला थर ३०० ग्रॅमचा, त्यावर ४५० ग्रॅमचे दोन, मिळून वाया जाणारी धरून १३ किलो. रेझिन मॅटच्या अडीचपट, म्हणजे ३३ किलो; आयसो ग्रेडचं घ्या, ते पाण्याला जनरल पर्पजपेक्षा चांगलं टिकतं. हार्डनर एकूण रेझिन-जेलकोटच्या एक ते दीड टक्का, म्हणजे ४०० ते ६०० ग्रॅम. तयार टप ५० किलोच्या आत-बाहेर आणि ३ मिलिमीटर जाड होईल. मागून दर १८ इंचांवर आडव्या फासळ्या द्या, नाहीतर मधे झोळ पडून पाणी साचेल. फासळीसाठी पीयू फोमच्या पट्ट्या घ्या. थर्माकोल किंवा एक्सपीएस चालत नाही, रेझिनमधलं स्टायरिन त्यांना क्षणात विरघळवतं.

कोबाल्ट (रेझिन लवकर आळावं म्हणून घालतात ते रसायन) आणि हार्डनर कधीही एकमेकांत थेट ओतू देऊ नका, स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, हार्डनर शेवटी. काम चालू असताना तिथे उभे राहिलात तर दोन गोष्टी बघा. जेलकोट अर्धा मिलिमीटर जाड हवा. फार पातळ लागला तर वरचं रेझिन त्याला सुरकुत्या पाडतं. आणि मॅट घालण्याआधी जेलकोटला बोट लावा: चिकट लागलं पाहिजे, पण बोटाला रंग यायला नको. मोल्डमधून काढायची घाई नको, किमान २४ तास तसाच राहू द्या. काढल्यावर आतल्या अंगावर ॲसिटोनचा बोळा अर्धा मिनिट घासा. पृष्ठभाग मऊ किंवा चिकट झाला तर टप अजून कच्चा आहे. तो चौकटीवर चढवू नका, सपाट आधारावर चार-पाच दिवस उन्हात ठेवा आणि पुन्हा बोळा घासून बघा.